ठिणगीची वेळ

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारसायकलच्या प्रज्वलनाविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र हे आपले प्रांत. प्लग, कॉइल आणि वायरी ही गॅरेजवाल्यांची मिरासदारी, असा आपला समज असतो. परंतु महाविद्यालयाच्या फाटकाशी रोज सकाळी लागणारी दुचाकींची रांग पाहिली की या यंत्राशी आपला संबंध किती निकटचा आहे ते कळते. ज्या वस्तूवर आपण रोज जीव सोपवतो ती कशी चालते, हे जाणून घेण्यास कोणत्याही शाखेचा मज्जाव नसावा.

लेखाचा विषय मर्यादित आहे. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीची सी.डी.आय. पेटी निकामी झाली, तर तिच्या जागी कोणती बसवावी? कंपनीची साधी, बाजारातली स्वस्त नक्कल, की जिच्यात ठिणगीची वेळ आपण स्वतः ठरवू शकतो अशी प्रोग्रॅम करता येणारी पेटी? गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. माझे वडील उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ५ मधून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे बदलापूरला घरोघरी पोहोचवतात. तिथल्या बायका धागे कापतात, बटणे लावतात आणि संध्याकाळी तोच माल परत न्यायचा असतो. बाबांची कमाई फेऱ्यांवर आहे; गाडी अंबरनाथच्या अलीकडे बंद पडली, तर त्या दिवसाची मजुरी केवळ त्यांचीच नव्हे, चार-पाच घरांची बुडते. गाडी आहे १९९३ सालची यामाहा आर.एक्स. १००. दुपारी तापली की ती मिसिंग मारू लागे, मग बंद पडे, आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशा थाटात एका किकमध्ये सुरू होई.

धाकट्या भावाचे म्हणणे होते की आता पेटी बदलायचीच आहे तर प्रोग्रॅमवाली घेऊ, गाडी पळेलही. बाबांचे म्हणणे एवढेच होते की गाडी थांबता कामा नये. या दोन इच्छांपैकी कोणती कोणत्या पेटीने पुरी होते, हे ठरवायचे तर आधी ठिणगीचे शास्त्र समजणे आवश्यक होते.

ठिणगी आधी का पडते?

पुष्कळांची कल्पना अशी असते की पिस्टन अगदी वरच्या टोकाला पोहोचला की ठिणगी पडते आणि पेट्रोलचा स्फोट होतो. प्रत्यक्षात तो स्फोट नसून ज्वलन असते, आणि ज्वलनाला वेळ लागतो. प्लगपाशी लागलेली ज्वाळा सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पसरायला काही सहस्रांश सेकंद जातात. पिस्टन वरच्या टोकावरून थोडा खाली सरकला असताना दाब सर्वाधिक व्हावा, म्हणजे त्याचा जोर क्रँकला फिरवण्यात खर्च होतो. यासाठी ठिणगी आधीच, पिस्टन अजून वर येत असतानाच, पडावी लागते. यालाच गॅरेजमध्ये ‘अॅडव्हान्स’ म्हणतात आणि तो अंशांत मोजतात.

आता साधे गणित करू. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास ४० सहस्रांश सेकंद लागतात. त्यातील एका सहस्रांश सेकंदात क्रँक ९ अंश फिरतो. तेच इंजिन ७,५०० फेऱ्यांवर गेले की एक फेरा ८ सहस्रांश सेकंदात संपतो आणि तेवढ्याच अवधीत क्रँक ४५ अंश फिरतो. म्हणजे ज्वाळेला लागणारा वेळ तोच राहिला, तर वेग वाढेल तशी ठिणगी बरीच आधी पाडावी लागेल. मात्र वेगाबरोबर सिलिंडरमधली खळबळही वाढते आणि ज्वाळाही झपाट्याने पसरते. त्यामुळे हा हिशोब त्रैराशिकाने सुटत नाही. तो प्रत्येक इंजिनाच्या घडणीप्रमाणे प्रयोगानेच ठरतो.

वेळ चुकली तर काय होते? ठिणगी फार उशिरा पडली, तर जोर वाया जातो, सायलेन्सर तापतो आणि गाडी ओढत नाही. फार लवकर पडली तर त्याहून वाईट: पिस्टन वर येत असतानाच दाब त्याला खाली रेटू लागतो, कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण एकदम भडकते, इंजिन ठोकू लागते आणि अखेर पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. उशिराची चूक गाडी लगेच सांगते. घाईची चूक मात्र काही काळ ताकद वाढल्यासारखी भासते आणि नंतर एकदम किंमत वसूल करते.

पॉइंटपासून प्रोग्रॅमपर्यंत

ठिणगीसाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युत प्रवर्तनाच्या तत्त्वावर तो कॉइलमध्ये तयार होतो. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतील प्रवाह एकाएकी बदलला की बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत मोठा दाब उत्पन्न होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. सारा प्रश्न असतो तो हा बदल नेमका केव्हा घडवायचा याचा.

जुन्या गाड्यांत हे काम ‘पॉइंट’ करीत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या येझदीचे मालक आजही ग्लोव्ह बॉक्समध्ये पातळ पट्ट्यांचे फिलर गेज बाळगतात ते त्यासाठीच. पॉइंट झिजतात, जळतात, त्यांच्यामधली फट बदलते. फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते. पण त्यांचा एक गुण मानावाच लागेल. बिघाड डोळ्यांना दिसतो आणि काचकागदाच्या तुकड्याने रस्त्यातच दुरुस्त होतो.

सी.डी.आय. पेटीत झिजणारा भागच नाही. मॅग्नेटमधली एक कॉइल पेटीतल्या कपॅसिटरमध्ये दोनतीनशे व्होल्टचा भार साठवते. पिकअप कॉइलचा इशारा येताच थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक दरवाजा उघडतो आणि सारा भार एकदम इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो. ठिणगी अल्पकाळ टिकते, पण जोरकस असते. तेलाने काळ्या पडलेल्या प्लगवरही ती उडते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेल जळत असल्याने हा गुण फार मोलाचा. एस्कॉर्ट्सने १९८५ साली आर.एक्स. १०० भारतात आणली ती अशीच सी.डी.आय. घेऊन. ९८ सी.सी.चे हे लहानसे इंजिन ७,५०० फेऱ्यांवर ११ अश्वशक्ती देते, म्हणजे सेकंदाला १२५ ठिणग्या.

पुढची पायरी म्हणजे पेटीतच लहानसा संगणक बसवणे. आपल्या महाराष्ट्रातल्या बजाज ऑटोने २००३ साली पल्सरमध्ये दोन प्लगांचे डिजिटल प्रज्वलन आणले, तेव्हा कोणत्या वेगाला किती अंश हा तक्ता चिपमध्ये बसून सामान्य माणसाच्या गाडीत आला. मात्र तो तक्ता कारखान्याने लिहिलेला आणि कुलूपबंद होता. प्रोग्रॅम करता येणाऱ्या पेटीत हे कुलूप नसते. संगणकाला, फोनला जोडून किंवा पेटीवरच्या लहान चकत्या फिरवून मालक स्वतः तक्ता लिहू शकतो.

अशा पेट्यांचे खरे माहेर शर्यतीच्या मैदानात आहे. परदेशात वाळूवर व डोंगरात पळवण्याच्या चारचाकी ‘एटीव्ही’ गाड्यांसाठी त्या फार वापरल्या जातात. यामाहाची १९८७ मध्ये आलेली बॅन्शी ही त्यांतली प्रसिद्ध गाडी. तिचे टू-स्ट्रोक जोड-इंजिन आर.डी. ३५० च्याच घराण्यातले. आपल्याकडे १९८३ पासून मिळू लागलेली राजदूत ३५० तिची हवेवर थंड होणारी थोरली चुलत बहीण म्हणता येईल. त्या खेळात सायलेन्सर, कार्ब्युरेटर, सिलिंडरचे पोर्ट सारे बदललेले असते. म्हणून कारखान्याचा तक्ता तिथे लागू पडत नाही आणि नवा लिहावा लागतो. पेटीची गरज तिथे आधीच्या बदलांतून निर्माण होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

टू-स्ट्रोकचा आणखी एक विशेष आहे. मधल्या वेगाला अॅडव्हान्स वाढवून अगदी वरच्या वेगाला तो पुन्हा कमी करतात. ठिणगी उशिरा पडल्याने बाहेर जाणारा वायू अधिक गरम राहतो, गरम वायूत ध्वनिलहरी वेगाने जातात आणि शर्यतीच्या फुगीर सायलेन्सरचा परिणाम आणखी वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकतो. शिवाय पिस्टनही वाचतो. ‘जितका अॅडव्हान्स जास्त तितकी ताकद जास्त’ ही आपल्या मुलांमधली समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

निवडीपूर्वी निदान

पेटी निवडण्याच्या आधी पेटीच दोषी आहे काय ते पाहावे. कॅम्प ३ मधील आमचे मिस्त्रीकाका याबाबत फार कडक. प्रथम प्लग आणि त्याची टोपी बदलून पाहिली. मग किल्लीच्या स्विचकडे जाणारी वायर काढून पाहिली, कारण तिचे आवरण फाटून ती चेसिसला टेकली तरी ठिणगी मरते. नंतर मॅग्नेटमधली कॉइल, पिकअप आणि इग्निशन कॉइल यांचे ओहम मीटरवर मोजले. तेही गाडी थंड असताना एकदा आणि तापून बंद पडल्यावर ताबडतोब पुन्हा. तापल्यावर तार आतून तुटल्यासारखी होणे हा कॉइलचाही रोग असतो. आमच्या गाडीत आकडे दोन्ही वेळा योग्य आले. शेवटी एका मित्राच्या आर.एक्स.ची पेटी दोन दिवस लावून पाहिली. दोन्ही दिवस गाडी थांबली नाही. मग कुठे पेटीवर दोष ठेवता आला.

“पोरा,” मिस्त्रीकाका म्हणाले, “औषध सगळेच विकतात. नाडी बघणारा पाहिजे.”

काय पाहून घ्यावे?

आता पेटीची निवड. मला जे मुद्दे महत्त्वाचे वाटले ते क्रमाने देतो.

पहिला, वीज कोठून येते? काही सी.डी.आय. मॅग्नेटमधल्या कॉइलवर चालतात, काही १२ व्होल्टच्या बॅटरीवर. आर.एक्स. बॅटरी मेलेली असतानाही किकने सुरू होते, कारण तिची पेटी पहिल्या जातीची आहे. दोन्हींचे सॉकेट दिसायला सारखे असू शकते. पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर जळते.

दुसरा, वेळेचा इशारा. पेटीला पिस्टन दिसत नाही. पिकअपजवळून मॅग्नेटचा उंचवटा गेला, एवढेच तिला कळते. मागील फेऱ्याच्या वेगावरून ती पुढचा हिशोब करते. तो उंचवटा टोकाच्या किती अंश आधी येतो हा आकडा प्रोग्रॅम करताना आपणच भरायचा असतो. तो चार अंशांनी चुकला, तर पडद्यावरचा सुबक आलेख चारही अंशांनी खोटा. म्हणून डायल गेजने पिस्टनचे टोक शोधणे, मॅग्नेटवर खूण करणे आणि स्ट्रोब दिव्याच्या लुकलुकाटात ती खूण चालत्या इंजिनावर तपासणे, यांना पर्याय नाही. ज्या गॅरेजमध्ये हा दिवा नाही तिथे प्रोग्रॅमवाली पेटी घेऊन जाऊ नये.

तिसरा, तक्ता किती मितींचा? साध्या पेटीत केवळ वेगावरून अंश ठरतात. वरच्या दर्जाच्या पेटीत थ्रॉटल किती उघडला आहे तेही मोजतात, कारण अर्ध्या थ्रॉटलला आणि पूर्ण ओझ्याला ज्वलन सारखे होत नाही. पण त्यासाठी कार्ब्युरेटरवर वेगळा सेन्सर लागतो. जुन्या गाडीला तो नसतोच.

चौथा, हवापाणी. आपला उल्हास नदीचा पट्टा. २०१९ च्या २७ जुलैला याच नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले होते. इथे पेटीच्या आतला भाग राळेने पूर्ण भरून बंद केलेला असावा, सॉकेटला रबरी टोपी असावी, आणि पेटी टाकीखाली उंचावर बसावी. जिच्या बाजूला संगणक जोडण्याचे उघडे भोक आहे, ती पेटी आपल्या आषाढात टिकेल असे मला वाटत नाही.

पाचवा, अस्सल आणि नक्कल. उल्हासनगरच्या मालावरच्या ‘मेड इन यू.एस.ए.’ या शिक्क्याचा विनोद सर्वांना ठाऊक आहे, यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्या विनोदामागे १९४९ मध्ये वसलेल्या निर्वासितांच्या नगराची जिद्द आहे, हे मी विसरत नाही, परंतु सी.डी.आय.च्या बाबतीत नक्कल महागात पडते. आतला कपॅसिटर आणि थायरिस्टर कमी ताकदीचे असले तर पेटी थंडीत चालते आणि उन्हात दगा देते, म्हणजे नेमका तोच रोग पुन्हा विकत घेतल्यासारखे होते. पक्के बिल आणि बदलून देण्याची हमी, हे दोन कागद पेटीच्या रंगाहून महत्त्वाचे.

सहावा, परतीची वाट. ज्या फोनवरून पेटीत बदल करता येतात तो फोन किंवा त्यातील प्रोग्रॅम तीन वर्षांनी नसेल तर काय? शेवटचा तक्ता पेटीतच कायम राहतो ना, आणि जुनी पेटी त्याच सॉकेटात परत बसते ना, हे दुकानातच विचारावे.

सातवा, इंधन. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यामुळे मिश्रण थोडे पातळ होते आणि पातळ मिश्रण टू-स्ट्रोकला तापवते. परदेशी शर्यतीच्या गाडीसाठी लिहिलेला तक्ता जसाचा तसा उतरवून घेणे म्हणूनही योग्य नाही.

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असे फेरबदल वाहनात करता येत नाहीत. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी तपासणीनंतरच पुढे चालू राहते आणि पी.यू.सी. तर सर्वांनाच लागते. इंजिन बदलून, कर्कश सायलेन्सर लावून ती गाडी रस्त्यावर आणण्यासाठी प्रोग्रॅमवाली पेटी ही पळवाट नव्हे. शर्यतीची गाडी मैदानातच शोभते.

दोन गाड्या, दोन निर्णय

हे सारे मुद्दे कागदावर मांडल्यावर आमचा निर्णय आपोआप झाला. बाबांच्या गाडीत एकही भाग बदललेला नाही. ती गठ्ठे लादून, कमी फेऱ्यांवर, जास्त ओझ्याने चालते; म्हणजे घाईची ठिणगी जिथे सर्वांत घातक, नेमक्या तिथेच तिचा दिवस जातो. कारखान्याने या इंजिनासाठी ठरवलेल्या वेळेत आम्हाला सुधारणा करायची नव्हती. ती वेळ न चुकता पाळणारी पेटी हवी होती. आम्ही कंपनीची साधी पेटी पक्क्या बिलाने घेतली. प्रोग्रॅमवाल्या पेटीच्या कितीतरी कमी पैशांत ती आली. उरलेल्या पैशांत नवी इग्निशन कॉइल, प्लगची टोपी आणि मागचा टायर झाला. भाऊ दोन दिवस रुसला. पण वैशाखातल्या पहिल्याच आठवड्यात बाबांनी एकही फेरी न चुकवता माल पोहोचवला, तेव्हा त्याने स्वतःच गाडी धुऊन दिली.

ज्या मित्राने आम्हाला पेटी उसनी दिली, त्याचा निर्णय मात्र उलटा झाला आणि तोही बरोबर होता. त्याच्याजवळ मातीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी दुसरी एक आर.एक्स. आहे, तिचे पोर्ट घासलेले, सायलेन्सर फुगीर. कारखान्याची वेळ तिला वरच्या फेऱ्यांवर मानवत नव्हती. त्याने प्रोग्रॅमवाली पेटी घेतली. मिस्त्रीकाकांनी पहिल्या दिवशी तिच्यात कारखान्याचीच वेळ सरळ रेषेत भरली आणि स्ट्रोबखाली खूण जुळवून घेतली. मग वरच्या टोकाला अॅडव्हान्स कमी केला, फेऱ्यांची कमाल मर्यादा घातली, आणि प्रत्येक बदलानंतर प्लग काढून त्याचा रंग पाहिला. एका वेळी एकच बदल, तोही दोन अंशांहून अधिक नाही, आणि प्रत्येक बदल वहीत. ती वही पाहताना मला आमच्या इतिहासाच्या सरांची टिपणवही आठवली. पुराव्याशिवाय विधान नाही, हा दंडक दोन्हींकडे एकच.

तात्पर्य, प्रोग्रॅम करता येणारी पेटी आपल्या इंजिनाला शहाणपण देत नाही. आपल्यापाशी असलेले ज्ञान ती तंतोतंत अंमलात आणते, आणि आपले अज्ञानही तितक्याच तंतोतंतपणे. इंजिन बदलले असेल, मोजण्याचे साधन हाताशी असेल आणि वही ठेवण्याची चिकाटी असेल, तर ती जरूर घ्यावी. नसेल, तर ज्यांनी वर्षानुवर्षे मोजून वेळ ठरवली त्यांच्या साध्या पेटीवर विश्वास ठेवावा. अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. आज विमको नाका हे नाव तेवढे राहिले आहे. काडी कोणीही ओढू शकतो, हीच त्या वस्तूची थोरवी होती. ती केव्हा ओढावी हे मात्र आगपेटीवर कधी छापलेले नव्हते, आणि नव्या पेटीवरही ते छापलेले नसते.